माघातली पाखरं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की थंडी सरत आलीय तर तुमच्या खिडकीतून, गच्चीवरून, स्टेशनला जाताना काय काय दिसतंय ते कळवा, आणि तुम्ही इतकं लिहून पाठवलंत की सगळं छापायला दोन अंक लागतील. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून जास्त पत्रं आलीत म्हणून या वेळी तिथलेच प्रश्न घेतेय. थांबून चालणार नाही कारण माघ संपला की पाहुणे पक्षी एकेक करून निघायला लागतात, मग या उत्तरांचा उपयोग थेट पुढच्या वर्षी.

ताई, आम्ही डोंबिवलीहून दोनदा शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेलो. पहिल्यांदा नुसतं पाणीच पाणी, दुसऱ्यांदा नुसता चिखल आणि लांब कुठेतरी गुलाबी रेघ. मुलं रडकुंडीला आली. नक्की जायचं कधी?

अहो, तुमचं नशीब नाही चुकलं, भरतीची वेळ चुकली. फ्लेमिंगो पाण्याच्या कडेकडेने चरतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो तेव्हा त्यांना उभं राहायलाच जागा नसते, आणि पूर्ण ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की तेही पाण्याबरोबर लांब जातात. म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा दोन-तीन तास नंतर जायचं, तेव्हा पाण्याची कड जेट्टीच्या जवळ असते आणि पक्षीही जवळ असतात.

आता भरती कधी ते मोबाईलवर बघता येतंच, पण आपल्याकडे कोळी लोकांचा आणि कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक हिशोब आहे तो मला फार आवडतो, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, दीड वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसा एकदा, रात्री एकदा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो पण घरून निघायची वेळ ठरवायला पुरेसं आहे. मुलांना कालनिर्णय हातात देऊन हा हिशोब करायला लावा, त्यांना मजा येईल.

अजून एक, शिवडीची जेट्टी पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यावर येतं आणि पक्षी काळे दिसतात. दुपारनंतर ऊन पाठीशी असतं आणि तो गुलाबी रंग खरा दिसतो. म्हणजे द्वितीयेच्या आसपासचा दिवस धरा, दीडला भरती, पाणी उतरायला लागलं की साडेतीन-चारला पोचा. हार्बर लाईनला शिवडी स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. डोक्यावर टोपी, पाणी बरोबर, आणि चिखलात उतरायचं नाही, माणूस आत रुततो.

शिवडीत पूर्वीसारखे येत नाहीत असं बरेच जण म्हणतात. अटल सेतू तिथूनच सुरू होतो, त्याचं काम बरीच वर्षं चाललं आणि पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण खाडी एकच आहे, पक्षी भांडुप पंपिंग स्टेशनला, ऐरोलीला, वाशीला, नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवरही असतात, तुम्हाला डोंबिवलीहून ऐरोली सोयीचं. तिथे वन विभागाच्या केंद्रातून बोट सुटते, पण बोटीच्या वेळाही भरतीवर असतात म्हणून आधी बुकिंग करूनच निघा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं ठिकाण, आणि तेही एवढ्या गर्दीच्या शहराच्या मधोमध. मला याचं खूप अप्रूप वाटतं.

आमच्या नातीचा प्रश्न, इयत्ता दुसरी: सगळे फ्लेमिंगो गुलाबी का नसतात? आणि एका पायावर का उभे राहतात?

नातीला शाबासकी सांगा. पिल्लं राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन त्यातला रंग पिसांत उतरतो आणि दोन-तीन वर्षांत ते गुलाबी होतात. शिवाय आपल्याकडे फ्लेमिंगोच्या, म्हणजे मराठीत रोहितच्या, दोन जाती येतात, मोठा रोहित उंच आणि फिकट असतो, त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, आणि छोटा रोहित जास्त गुलाबी, त्याची चोच गडद लाल-काळी. एक पाय पिसांत घेतला की ऊब टिकते, आणि त्यांच्या पायाची ठेवणच अशी आहे की एका पायावर उभं राहायला त्यांना जोर लावावा लागत नाही. नातीला म्हणावं तू करून बघ आणि किती सेकंद टिकतेस ते मला कळव.

गिरगावातून: आम्ही रोज संध्याकाळी समुद्रावर सीगलना गाठ्या-शेव घालतो, सगळेच घालतात, पक्षी हातातून घेऊन जातात. परवा एका मुलीने आम्हाला अडवलं. पुण्याचं काम करतोय, त्यात वाईट काय?

काका, तुमचा भाव चांगला आहे हे मला कळतं, पण त्या मुलीचं बरोबर आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. हे सीगल म्हणजे आपले कुरव पक्षी, त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाख-तिबेटकडच्या उंच पठारावरच्या तळ्यांवर अंडी घालतो, तिथून इथे हिवाळ्यापुरता येतो. त्याचं खाणं मासे, खेकडे, किडे, कोळ्यांच्या बोटीमागे पडलेलं. आपल्या शेवेत काय, बेसन, तेल, मीठ. पोट भरतं पण त्याला लागतं ते मिळत नाही. आणि लागतं कधी तर नेमकं आत्ता, कारण महिना-दीड महिन्यात त्याला हिमालय ओलांडायचाय, त्यासाठी अंगात चांगली चरबी साठवायला हवी.

आणि नुसतं पोटाचंही नाही. माणसांच्या हाताकडे झेपावायची सवय लागली की रस्त्यावर, गाड्यांसमोर, मांजात सापडतात. एकदा गाठ्या न नेता जाऊन बघा, नुसतं बसून बघा. आत्ता माघात एक गंमत दिसेल, महिनाभरापूर्वी पांढरं डोकं आणि डोळ्यामागे एक डाग एवढंच होतं, आता एकेकाचं डोकं तपकिरी व्हायला लागलंय, कुणाचं अर्धं, कुणाचं पूर्ण, म्हणजे विणीची पिसं येतायत, निघायची तयारी चाललीय. मी एका संध्याकाळी एका थव्यात पूर्ण तपकिरी किती आणि पांढरे किती ते मोजत बसले होते, अंधार पडेपर्यंत उठवेना.

चेंबूर: आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलं की घार डोक्यावर झडप घालते. वॉचमनला नखं लागली. कमिटी म्हणतेय घरटं काढून टाकूया.

नका काढू, प्लीज. घारींची वीण आपल्याकडे हिवाळ्यातच असते, बहुतेक तुमच्या नारळावर किंवा टॉवरवर घरटं असेल आणि त्यात पिल्लं असतील. घरटं मोडणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हाही आहे, पण मला कायद्यापेक्षा हे सांगायचंय की हा प्रकार थोड्या आठवड्यांचा असतो, पिल्लं उडायला लागली की ती तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही. तोवर छत्री उघडून जायचं, किंवा हेल्मेट घालून. घार मागून येते, डोक्याच्या सगळ्यात उंच भागावर, त्यामुळे छत्रीवर आपटते आणि निघून जाते. टाकीचं काम सकाळी एकदाच उरकून घ्या, लहान मुलांना तेवढे दिवस गच्ची बंद, आणि जिन्याच्या दारावर एक कागद लावा की वर घारीचं घरटं आहे, छत्री घ्या. वॉचमनदादांना मात्र डॉक्टरकडे नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, ते राहायला नको.

संक्रांत होऊन महिना झाला तरी आमच्या रस्त्यावरच्या झाडांत मांजा लटकतोय. काल एक बगळा उलटा लटकलेला होता, आम्ही काहीच करू शकलो नाही. फार वाईट वाटतंय. (भायखळा)

हे वाचून मलाही झोप लागली नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीय, तरी तो येतोच, आणि तो कुजत नाही म्हणून संक्रांतीचा मांजा फेब्रुवारीत, मार्चमध्ये, पावसाळ्यातसुद्धा पाखरं धरत राहतो.

पुढच्या वेळी असं करा. वन विभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६, तो आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि उंचावर अडकलेलं असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. स्वतः झाडावर चढू नका. पक्षी हाताशी आला तर मांजा ओढायचा नाही, ओढला की मांसात जातो, दोन्ही बाजूंनी कापायचा आणि अंगात रुतलेला भाग तसाच ठेवायचा, तो डॉक्टर काढतील. जाड टॉवेल टाकून हलकेच धरा, बगळा असेल तर त्याची चोच तुमच्या तोंडापासून लांब ठेवा कारण तो घाबरला की डोळ्यावर मारतो. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका! सगळेजण मायेने हेच करतात आणि पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी जातो. खायलाही काही नको, फक्त अंधार आणि शांतता.

आणि तुमच्या गल्लीत पाच-सहा जण असतील तर एक रविवार ठरवून हाताला पोचेल तेवढा मांजा उतरवा, लांब काठीला आकडा बांधून, विजेच्या तारांजवळचा अजिबात नाही. उतरवलेला मांजा तुकडे करून मगच कचऱ्यात, नाहीतर डम्पिंगला जाऊन तिथल्या घारी-बगळ्यांच्या पायात.

दुपारी कुणीतरी हातोडीने टुक टुक टुक करत असतं. शेजारच्या बिल्डिंगचं रिनोव्हेशन समजून भांडायला गेले तर तिथे काम बंद! (विलेपार्ले)

तो तांबट आहे हो! भांड्यावर ठोके घालणाऱ्या तांबटासारखा आवाज म्हणून नावच ते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल, गळा पिवळा. ऊन चढायला लागलं की याचा आवाज सुरू होतो. तो चोच बंद ठेवून गळा फुगवून आवाज काढतो आणि डोकं इकडून तिकडे फिरवत राहतो, म्हणून आवाज कधी डावीकडून वाटतो कधी उजवीकडून आणि पक्षी काही सापडत नाही. वड, पिंपळ, उंबर असेल तर त्याच्या वाळक्या शेंड्यावर बघा, सकाळी तिथे ऊन खात बसतो.

तुमच्या पत्रात पुढे आहे की पावसाळ्याआधी सोसायटी झाडांच्या सुक्या फांद्या छाटणार आहे. तेवढं बघा. तांबट सुक्या, ठिसूळ फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असं गोल भोक कोरतो आणि आत अंडी घालतो. असं भोक दिसलं तर ती फांदी धोकादायक नसेल तर ठेवा. मुंबईचा शहरपक्षी आहे तो, त्याला एक फांदी तरी आपण देऊ शकतो.

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत फेब्रुवारीत काहीतरी कार्यक्रम करायचाय, हळदीकुंकू आणि क्रिकेट झालं. पक्ष्यांचं काही करता येईल का? आम्हाला कुणालाच पक्षी ओळखता येत नाहीत.

येत नाहीत म्हणूनच करा. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस, शुक्रवार ते सोमवार, जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, भारत २०१३ पासून त्यात आहे. नियम साधे आहेत, कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं किंवा चालायचं, दिसलेला आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी जातीप्रमाणे मोजायचा आणि ईबर्ड या पक्षीनोंदीच्या ॲपवर यादी टाकायची. फी नाही. ॲपमध्ये मराठी नावंही लावता येतात, आजी-आजोबांसाठी ती लावा, कारण खंड्या, वेडा राघू, दयाळ, शिंपी ही नावं त्यांना गावाकडून माहीत असतात, फक्त किती वर्षांत तोंडात आलेली नसतात.

कसं करायचं सांगते. शनिवारी सकाळी साडेसहा-सातला गच्चीवर जमा, उन्हं यायच्या आत. तीन गट करा, एक गच्चीवर, एक बागेत, एक गेटबाहेरच्या झाडांपाशी, प्रत्येक गटात एक लिहिणारा. कावळे आणि कबुतरं पण मोजायची, लोक ती सोडतात, कशाला मोजायची म्हणतात, पण चिमण्या कमी झाल्या हे आज आपण पुराव्याने बोलू शकत नाही त्याचं एक कारण हेच की होत्या तेव्हा कुणी मोजल्याच नाहीत. न ओळखू आलेला पक्षी अंदाजाने लिहायचा नाही, फोटो काढून ठेवायचा. नंतर चहा-पोहे घेऊन तिन्ही याद्या वाचून दाखवायच्या. पहिल्याच वर्षी वीस-बावीस जाती सहज होतील, जवळ तळं असेल तर जास्तच. पुढच्या वर्षी त्याच तारखांना, त्याच गच्चीवर परत करा, तेव्हा त्या याद्यांना खरा अर्थ येईल. कॉलेजांसाठी याच दिवसांत कॅम्पस बर्ड काउंट असतो, सोसायटीतली कॉलेजची मुलं तिकडेही नाव देऊ शकतील.

येऊरच्या पायथ्याला राहतो. बिबट्या सीसीटीव्हीत दिसला, ग्रुपवर घबराट आहे.

दिसला म्हणजे तो नवीन आला असं नाही, कॅमेरा नवीन आला. तुमचं येऊरचं जंगल ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि शहर त्याला तीन बाजूंनी चिकटलंय, तो रात्री कुत्र्यांसाठी बाहेर येतो आणि कुत्री कचऱ्यासाठी जमतात. म्हणून कचरा रोज उचला, वाटेवर दिवे ठेवा, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, रात्री चालताना मोबाईलवर गाणी लावा. दिसला तर गर्दी करून घेरू नका, त्याला जायला वाट ठेवा आणि १९२६ वर कळवा. आरेतल्या पाड्यांवर आजही वाघोबा पुजतात, त्या लोकांशी एकदा बोला, बिबट्याशेजारी कसं राहायचं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

नातवंडं सुट्टीला येतायत, गुडघे दुखतात, फार चालवत नाही. जवळपास कुठे नेऊ? (माहीम)

तुमच्या अगदी दारात महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, धारावीजवळ मिठीच्या काठी. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे, १९७७ पर्यंत डम्पिंग ग्राउंड होतं, मग झाडं लावत लावत आज जंगल उभं राहिलंय. वाटा सपाट आहेत. सकाळी दहाच्या सुमाराला न्या, फुलपाखरं ऊन लागल्याशिवाय उठत नाहीत.

राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन साधारण जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतं, तारीख बघून घ्या. प्रदर्शनाला जाल तेव्हा गर्दीतून बाहेर येऊन तिथल्या जुन्या झाडांखाली बसा, बाग १८६२ ची आहे, इतकी वेगवेगळी म्हातारी झाडं मुंबईत एका ठिकाणी क्वचितच बघायला मिळतील. आणि काळाघोड्याच्या फेस्टिव्हलला सगळे जातातच, तिथून पाच मिनिटांवर हॉर्नबिल हाऊस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची संस्था. सलीम अलींना लहानपणी एका वेगळ्या दिसणाऱ्या चिमणीने याच संस्थेपर्यंत आणलं होतं, ती गोष्ट नातवंडांना तिथे उभं राहूनच सांगा.

आमच्या लहानपणी पळसाच्या फुलांचा रंग करायचे. आता मुंबईत पळस मिळेल का? होळीला नातसुनेला करून दाखवायचाय. (बोरिवली, वय ७८)

आजी, तुमच्या मागच्याच अंगाला आहे, राष्ट्रीय उद्यानात. पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही आत्ता पानं टाकून लाल-केशरी फुललेत, आणि त्यांच्यावर भोरड्या उतरतात, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, तोंडं परागांनी पिवळी झालेली आणि दंगा असा की झाड बोलतंय वाटतं. त्या मध्य आशियातून येतात आणि त्यांना पळसमैनाही म्हणतात, एप्रिलपर्यंत त्या जातील. म्हणून झाडावरची फुलं कुणीच तोडू नयेत, तो त्यांचा प्रवासाचा डबा आहे. आणि उद्यानातून तर खाली पडलेलंही काही उचलायचं नाही, तिथे फक्त बघायचं.

रंगासाठी रस्त्याकडेला, कॉलनीत एखादा पळस शोधा. नातसुनेला सांगा, पळसाला पानं तीनच असतात, पण आत्ता पानं नसतील तेव्हा फुलांवरून ओळखायचं, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी. सकाळी झाडाखाली जुनी साडी पसरून ठेवा, संध्याकाळपर्यंत ओंजळी-ओंजळीने पडतात. दोन-तीन ओंजळी फुलं घमेलंभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी हाताने चुरगाळून फडक्यातून गाळा. जास्त गडद हवा असेल तर फुलांसकट एक उकळी आणून मग गाळायचा. सुती कपड्यावर पिवळा-केशरी डाग राहतो, तेवढं तिला आधी सांगून ठेवा.